मिक्सर बंद करा, बाळाला जेवू द्या

"दात तरी येऊ देत त्याला, मग बघू."

सहा-सात महिन्यांचं पोर आईच्या मांडीवरून ताटाकडे झेपावतं आणि घरातलं कुणीतरी वडीलधारं हे वाक्य टाकतं. निर्मळच्या केळीच्या वाडीत टाकतं, एव्हरशाइनच्या सातव्या मजल्यावर टाकतं, नालासोपाऱ्याच्या चाळीतही टाकतं. वाडवळ, कुपारी, भंडारी, आगरी, कोळी आणि चाळीस वर्षांपूर्वी गिरगाव-परळ सोडून इथे आलेली मंडळी यांचं एरवी माशाच्या कालवणात चिंच घालावी की कोकम, यावरही कधी एकमत व्हायचं नाही. बाळाच्या हातात खायचा तुकडा द्यायचा नाही, यावर मात्र अख्ख्या वसईचं एकमत आहे.

हे मत आहे तरी काय? उगाच पातळ करून सांगत नाही, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडते. बाळाला सहा महिने पूर्ण झाले की वरचं सुरू करावं, पण ते गाळलेलं, घोटलेलं, गुठळी नसलेलं असावं. वर्षभर सगळं मिक्सरमधून फिरवूनच द्यावं. हातात तुकडा दिला तर तो घशात अडकणार, कारण दात नाहीत. अडकला नाही तरी बाळ त्याच्याशी नुसतं खेळणार, पोटात काही जाणार नाही. वर फरशी, कपडे, केस सगळं चिकट. आणि मुळात हे खूळ आपलं नव्हेच, मोबाईलवर गोऱ्या बायांचे व्हिडिओ बघून आलेल्या सुनांचं आहे. शेवटी हुकमाचा एक्का पडतो, "आमची मुलं नाही का वाढली?"

वाढली की! पण कशावर वाढली, ते एकदा आठवून बघाल का?

मिक्सर आपल्या ओट्यावर कधी आला? 'सुमीत'चा मिक्सर मुंबईत 1960 च्या दशकात निघाला आणि मध्यमवर्गीय घराघरांत पोचायला त्याला आणखी बरीच वर्षं लागली. वाडीतल्या घरांत तर पाटा-वरवंटा त्यानंतरही कितीतरी काळ चालू होता. मग ज्या आजीच्या नावाने आज मिक्सरची बाजू मांडली जाते, तिच्या आजीने काय केलं असेल? सातवं मूल कडेवर आणि पाटावर दुपारचं वाटण अशा बाईने बाळासाठी वेगळी डाळ, वेगळा भात, वेगळी भाजी शिजवून ती तीनदा गाळली असेल, असं खरंच वाटतं तुम्हाला? तिने पेज पाजली, मऊभात बोटांनी कुस्करून भरवला, आणि पोर रांगायला लागल्यावर त्याच्या हातात भाकरीचा तुकडा देऊन ती कामाला लागली. मे महिन्यात आंब्याची कोय दिली. बलक बऱ्यापैकी काढून घेतलेली मोठी कोय दोन्ही हातांत धरून बाळ तासभर चोखत बसलंय, कोपरापर्यंत रस ओघळतोय, हे कोकणपट्टीतल्या कुठल्या घराने पाहिलं नाही? तेव्हा ते खूळ नव्हतं. आज तीच कोय इंग्रजी नाव लावून आली की ती लगेच परदेशी आणि घातक ठरते.

परंपरेचाच आधार हवा असेल तर तोही आहे. उष्टावणाचा मुहूर्त काढताना आपण मुलाला सम महिना, मुलीला विषम हा हिशोब काटेकोरपणे पाळतो. पण आयुर्वेदातला बालरोगांवरचा जो मूळ ग्रंथ मानला जातो, त्या काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन सांगितलंय आणि अन्नप्राशन त्याच्या बरंच नंतर, दहाव्या महिन्यात. म्हणजे आधी फळ, मग अन्न. केळीच्या बागांमध्ये राहणाऱ्या लोकांना ही गोष्ट कुणी वेगळी समजावून द्यावी लागावी, हीच खरी गंमत आहे.

आता दातांचं घेऊ, कारण हा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सगळ्यात कमी तपासला जातो.

बाळाचे पहिले दात येतात ते पुढचे, खालचे दोन. साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात. हे दात चावायचे नसतात, तोडायचे असतात. चावायचं काम दाढांचं, आणि पहिल्या दाढा येतात साधारण तेरा ते एकोणीस महिन्यांच्या दरम्यान. दुसऱ्या दाढा तर दोन वर्षांनंतर. "दात येऊ देत" याचा प्रामाणिक अर्थ लावायचा तर बाळाला दीड-दोन वर्षं मिक्सरवर ठेवावं लागेल. तसं कुणी करत नाही. पुढचे दोन दात दिसले की तीच आजी कौतुकाने हातात बिस्किट देते. म्हणजे ज्या दातांनी चावता येत नाही ते आले की परवानगी, आणि ज्यांनी चावता येतं त्यांची वाट कुणीच बघत नाही. मग हा नियम नेमका कशासाठी होता?

बाळ चावतं ते हिरड्यांनी. हिरड्यांखाली दात तयार होत असतात, त्या चांगल्या टणक असतात. विश्वास नसेल तर स्वच्छ धुतलेलं बोट बाळाच्या तोंडात घालून बघा, दुसऱ्यांदा घालणार नाही. कवळी काढून ठेवलेले आजोबा वरणात भिजलेली भाकरी हिरड्यांनी मजेत खातात, तेव्हा त्यांना कुणी म्हणत नाही, की बाबा, दात येऊ देत मग बघू.

आणि चावणं हे दात आल्यावर आपोआप येत नाही, ते शिकावं लागतं. जीभ घास डावीकडे नेते, उजवीकडे नेते, हिरड्यांखाली ढकलते, पुन्हा गोळा करून मागे सरकवते. पातळ पेज गिळताना यातलं काहीच करावं लागत नाही, नुसतं गिळलं की झालं. जी जीभ वर्षभर फक्त गिळायला शिकली, तिच्यापुढे पहिल्या वाढदिवसाला अचानक वरणभात-भाजी आली तर ती काय करणार? पहिल्याच शितावर उलटी. मग आई दवाखान्यात, "डॉक्टर, हा काही खातच नाही हो, एक शीत लागलं तरी बाहेर काढतो." इंग्लंडात ब्रिस्टलच्या परिसरात 1990 च्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. ज्यांना गुठळीचं, जाडसर अन्न दहा महिन्यांनंतर पहिल्यांदा मिळालं, ती मुलं सव्वा वर्षांची झाल्यावर भरवायला जास्त अवघड असल्याचं 2001 मध्ये नोंदवलं गेलं. त्याच मुलांकडे सातव्या वर्षी पुन्हा पाहिलं तर उशीर झालेल्यांच्या ताटात फळं-भाज्या कमी आणि जेवणाच्या कटकटी जास्त होत्या, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत 2003 पासून स्पष्ट लिहिलंय, की आठ महिन्यांपर्यंत बहुतेक बाळं हातात धरून स्वतःचं स्वतः खाऊ शकतात आणि वर्षाची झाली की घरातल्या इतरांसारखंच अन्न खाऊ शकतात. हे वीस वर्षांहून जुनं आहे. आणि आपण अजून दातांपाशीच अडलोय.

आता भीतीकडे येऊ. घशात अडकण्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. अडकतं, आणि जीवही जातो. पण कशाने अडकतं आणि भीती कशाची बाळगली जाते, याचा मेळ बसत नाही, हे माझं म्हणणं आहे.

आधी एक फरक समजून घेऊ. बाळाला उबळ येणं वेगळं आणि घास अडकणं वेगळं. सहा महिन्यांच्या बाळाची उबळ जिभेवर बऱ्याच पुढच्या भागातूनच सुरू होते. घास जरा मागे सरकला की तोंड लाल, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर, ओकल्यासारखा आवाज आणि तुकडा पुढे. ही राखण आहे, निसर्गाने ठेवलेली. बाळ मोठं होतं तशी ती जागा मागे सरकते. म्हणजे सहा-सात महिन्यांच्या बाळाकडे जी सुरक्षेची सोय आहे, ती पुढे तितकीशी राहत नाही. आपण काय करतो? ती सोय असते तोवर पेज पाजतो आणि ती कमी झाल्यावर बिस्किट देतो. उबळ आली की बाळ आवाज करतं, खोकतं, रडतं. खरंच अडकलं की आवाज बंद होतो. ओठ निळसर पडतात, रडू फुटत नाही, खोकला येत नाही. पहिल्या प्रकारात हात आवरून बघत बसायचं असतं. दुसऱ्यात क्षणाचाही उशीर करायचा नसतो. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घालून, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच धपके, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आणि घास बाहेर येईपर्यंत हेच आलटून पालटून. सोबत कुणाला तरी मदत बोलावायला पाठवायचं. बाळाची शुद्ध हरपली तर ताबडतोब कृत्रिम श्वास आणि छातीवरचे दाब सुरू करायचे. न दिसणाऱ्या तुकड्यासाठी तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही, तो आणखी आत जातो. हे प्रत्येक घरात यायला हवं, बाळ पेज पीत असलं तरी आणि केळं खात असलं तरी. पण आपल्याकडे बारशाला पंचवीस झबली येतात आणि हे कुणी शिकवत नाही.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 206 बाळांवर झालेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या आयांना बाळाला सुरुवातीपासून हातात धरून खाऊ द्यायला सांगितलं होतं आणि कोणत्या वस्तू द्यायच्या नाहीत हेही नीट समजावलं होतं. अर्ध्यांनी नेहमीच्या पद्धतीने चमच्याने भरवलं. घास अडकण्याच्या प्रसंगांत दोन गटांत म्हणण्याजोगा फरक सापडला नाही. साधारण एक तृतीयांश बाळांना सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान एकदा तरी तो प्रसंग आला, चमचा असो वा हात. पण या अभ्यासातली खरी बोचणारी गोष्ट दुसरीच आहे. सात महिन्यांच्या निम्म्याहून जास्त बाळांना, दोन्ही गटांत, घशात अडकू शकेल असा पदार्थ देऊन झाला होता. म्हणजे धोका हाताने खाण्यात नव्हता, ताटात काय ठेवलं त्यात होता.

आपल्या घरांतलं ताट बघा. शेंगदाणे, फुटाणे, चणे, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षं, बोरं, कच्च्या गाजराचा तुकडा, सफरचंदाची कडक फोड. आणि आपल्या वसईचं खास म्हणजे ताडगोळा. गुळगुळीत, निसरडा, घशाच्या मापाचा, पाहुणा आला की हौसेने बाळाच्या तोंडाशी धरला जाणारा. सुकेळीचंही तेच. राजेळी केळं वाळवून केलेलं सुकेळं हे वसईचं भूषण खरं, पण ते चिवट आणि चिकट असतं, तान्ह्या बाळासाठी नव्हे. मऊ पिकल्या केळ्याला भिणारं घर दिवाळीत चिवड्याचं ताट फरशीवर ठेवतं आणि रांगतं बाळ त्यातला शेंगदाणा उचलतं. पाच वर्षांचा दादा लाडाने फुटाणा भरवतो, सगळे टाळ्या वाजवतात. श्वासनलिकेतून दाणे-चणे काढणाऱ्या डॉक्टरांना विचारा, शिजलेल्या दुधीची फोड किती वेळा काढावी लागली आणि शेंगदाणा किती वेळा.

आणि भरवण्याची आपली पद्धत? बाळ नको म्हणून मान फिरवतं. मग त्याला पायांवर आडवं घेतात, हात दाबून धरतात, कुणी नाकही दाबतं, आणि तोंड उघडलं की बोंडल्याने पेज आत. रडताना श्वास आत घेतला जातो, त्याबरोबर पेजही आत जाते. हे बघून कुणाच्या छातीत धस्स होत नाही. बाळ ताठ बसून, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वेगाने भोपळ्याची फोड चघळतंय, हे पाहून मात्र होतं. झोळीत, गाडीवर, मोबाईलसमोर, मागे धावत धावत, हसवत हसवत भरवायचं आणि धोकादायक म्हणायचं कशाला, तर केळ्याला!

केळं कसं द्यायचं, तेही सांगते, कारण 'द्या' म्हणून सोडून दिलं तर उद्या कुणीतरी अख्खं सोललेलं केळं देईल आणि ते निसटून जमिनीवर गेलं की म्हणेल, बघा, सांगितलं होतं. सहा-सात महिन्यांच्या बाळाला चिमूट जमत नाही. ते वस्तू सगळी मूठ वळून धरतं, आणि मुठीच्या आत जे आहे ते त्याला तोंडात घालता येत नाही. म्हणून तुकडा मुठीच्या बाहेर डोकावला पाहिजे, म्हणजे मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब. बारीक तुकडे करून दिले तर ते सुरक्षित वाटतात, प्रत्यक्षात या वयाला उलटं असतं. केळं साल धुऊन अर्धं कापावं, वरची दोन बोटं साल काढावी, खालची तशीच ठेवावी. सालीची मूठ झाली, केळं निसटत नाही. बाळ वरचा भाग हिरड्यांनी खरवडतं, बराचसा हनुवटीवर जातो, थोडा पोटात. साल उरली की काढून घ्यायची. नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनी जुळते, फरशीवरचा दोरा उचलता येऊ लागतो, तेव्हा वाटाण्याएवढे मऊ तुकडे. कसोटी एकच: आपल्या अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबलं तर कुस्करलं गेलं पाहिजे. नाही कुस्करलं, तर नाही द्यायचं.

या कसोटीला उतरणाऱ्या किती वस्तू आपल्या वाडीत आणि बाजारात आहेत! उकडलेलं रताळं, दुधी, लाल भोपळा, वाफवलेल्या गाजराची लांब पट्टी, पिकलेली पपई, बिया काढलेला चिकू, घावनाची पट्टी, इडली, आमटीत भिजवलेला तांदळाच्या भाकरीचा मऊ तुकडा, उकडलेल्या अंड्याची फोड. पाचूबंदरला मिळतो तो ताजा बोंबील उकडावा आणि काटा बोटांनी तपासून तपासून काढावा, त्याच्याइतकं मऊ काही नाही. सुका बोंबील नको, त्यात मीठ फार. वर्षाच्या आत मध नको, साखर-मीठ नको. शेंगदाणा दाणा म्हणून पाच वर्षांपर्यंत नको, पण बारीक वाटून, पातळ करून, भाकरीला लावून देता येतो. शेंगदाणे उशिरा दिले तर ॲलर्जी टळते, ही समजूतही 2015 मध्ये लंडनच्या एका मोठ्या अभ्यासाने उलटी ठरवली. लवकर दिलेल्या मुलांत ती ॲलर्जी कितीतरी कमी निघाली. बाळाला मोठा इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

"पोटात काही जात नाही" हा पुढचा आक्षेप. मिक्सरमधलं काय जातं, ते आधी मोजू. आठ किलोच्या बाळाचं पोट एका वेळी वाटीभराच्या पुढे सामावून घेत नाही. ती वाटी आपण भरतो डाळीच्या वरच्या पाण्याने, भाताच्या पेजेने, गाळून चोथा फेकलेल्या भाजीच्या रसाने. पोट भरतं, पण पाण्याने. आईच्या दुधात लोह कमी असतं, जन्माच्या वेळी मिळालेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो. ते लोह डाळीच्या पाण्यात नसतं, डाळीत असतं, अंड्यात, मासळीत, कलेजीत, नाचणीत असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय सापडला. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं जेमतेम अकरा टक्के निघाली. यातली सगळी मुलं गरिबांची आहेत, असं मानून वसईच्या फ्लॅटमध्ये बसून सुस्कारा टाकू नका. गरिबी हे मोठं कारण आहेच. पण ज्या घरात फ्रिज भरलेला आहे, तिथलं बाळही पेज आणि बिस्किटावर आहे, याला गरिबी कशी जबाबदार?

आपल्याच पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागात, जव्हार-मोखाड्याकडे, अंगणवाडीतून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली सात महिन्यांपासूनच्या मुलांना अंडं किंवा केळं देण्याची तरतूद आहे. योजना कशी चालते, पैसे वेळेवर येतात का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न. पण सात महिन्यांच्या मुलाला अंडं-केळं चालतं, हे सरकारला कळलं. ऐंशी लाखांच्या फ्लॅटला ते अजून कळायचंय.

आणि हो, हाताने खाणं म्हणजे चमचा बंद असं कोण म्हणालं? चमच्याने जाड मऊभात-वरण-तूप भरवा, शेजारी हातात एक फोड द्या. आईचं दूध चालू ठेवा. दोन-तीन आठवडे बाळ नुसतं चघळेल, थुंकेल, खाली टाकेल. शिकतंय ते. गिल रॅपली या इंग्लंडातल्या आरोग्यसेविकेने या पद्धतीला 'बेबी-लेड वीनिंग' असं नाव दिलं आणि 2008 मध्ये त्यावर पुस्तकही निघालं. तेव्हापासून एक दुसरा कर्मठ पंथही तयार झालाय, चमचा दिसला की नाक मुरडणारा. त्यांचाही मला तितकाच कंटाळा आहे. सुनेने चमचा उचलला म्हणून तिला अपराधी वाटायला लावणारी मैत्रीण आणि केळं दिलं म्हणून वाटायला लावणारी सासू, दोघी एकच काम करतायत.

मिक्सरचा आग्रह सगळ्यात जास्त कुणाच्या पथ्यावर पडतो, हेही बघा. बाळाला गुळगुळीतच लागतं, अशी एकदा सवय लागली की डबा आला, पाकीट आलं, पिळून तोंडात घालायची थैली आली. आपल्याकडे 1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा खाद्यांची जाहिरात करायलाच बंदी आहे. तरी कुठल्याही बारशाला, डोहाळजेवणाला आलेल्या भेटींत डबा असतोच. एप्रिल 2024 मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या प्रकारांत वरून साखर घातलेली होती, एका वेळच्या खाण्यात सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, असं दाखवून दिलं. त्याच कंपनीचा तसाच माल युरोपात बिनसाखरेचा मिळतो, हेही. साखर कमी करत आणली आहे, असं कंपनीने सांगितलं. असेलही. पण केळ्यात वरून कुणी साखर घातलेली मी अजून पाहिली नाही.

राहता राहिली घाण. होते. खाली जुना पेपर पसरा, बाळाचे कपडे काढून ठेवा, आंघोळीच्या आधी खाऊ घाला, संपलं. आपण सगळे पाचही बोटांनी कालवण-भात ओरपणारे लोक. बाळाने हात बरबटले की आपल्याला युरोपातले शिष्टाचार आठवतात! खरी काळजी हवी ती बाळाच्या आणि भरवणाऱ्याच्या हातांची, नखांची, आणि पाण्याची. ज्या इमारतीत टँकर येतो तिथे फळ धुवायचं पाणीही उकळलेलं असू द्या. इथे मी कुणाशी वाद घालणार नाही.

वेळेचंही मला कळतं. नालासोपाऱ्याहून सकाळची सातची लोकल पकडणाऱ्या बाईला बाळ अर्धा तास केळं खात बसलंय हे बघत राहता येणार नाही. पाळणाघरातल्या एका बाईकडे दहा मुलं असतील तर तिनेही हे करू नये, कारण हातात खाऊ असलेल्या बाळासमोर माणूस बसलेलं असलंच पाहिजे. मग सकाळी चमचा, पाळणाघरात चमचा. रात्री सगळे जेवायला बसतात, तेव्हा हात. रविवारी दोन्ही वेळा हात. यात अशक्य काय आहे?

अशक्य आहे ते एकच, घरातल्या मोठ्यांना गप्प बसवणं. म्हणून हे सगळं सुनांसाठी लिहिलेलं नाही, त्यांना बहुतेक माहीत असतं. हे आज्यांना, आजोबांना, आत्यांना, शेजारच्या काकूंना उद्देशून आहे. बाळ सहा महिन्यांचं झालं, मान धरतंय, टेकून ताठ बसतंय, हाताला लागेल ते तोंडात घालतंय, तर ते तयार आहे. वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा वाढीत काही अडचण असेल तर डॉक्टरांना विचारून करा. नाहीतर आज रात्री जेवताना त्याला तुमच्याच पंगतीला बसवा, दुधीची एक उकडलेली फोड त्याच्यासमोर ठेवा, टीव्ही आणि मोबाईल बंद करा, चिवड्याचा डबा वरच्या फळीवर ठेवा, त्याच्यासमोर बसून स्वतः जेवा, आणि त्याला उबळ आली तरी ते खोकतंय-रडतंय तोवर हात आवरून बघत राहा.